विश्लेषण : दोन नावांची ‘सांगड’ भीमेवर पुन्हा दिसेल का? फिजीच्या ‘द्रुआ’कडून काय घेण्यासारखे?

अष्टविनायकांपैकी रांजणगावचा महागणपती शिरूर तालुक्यात आहे. सिद्धटेकचा सिद्धिविनायक भीमेच्या उत्तर तीरावर, कर्जत तालुक्यात आहे. समोरच्या तीरावर दौंड तालुक्यातले शिरापूर. पूल होण्यापूर्वी दौंडहून निघालेला यात्रेकरू शिरापूरपर्यंत यायचा, होडीत बसायचा आणि पलीकडच्या घाटावर उतरून देवळाची वाट धरायचा. आता पूल झाला आहे आणि गाडी थेट देवळाजवळ जाते. पण खाली उजनीच्या फुगवट्यावर अनेक गावांसाठी नाव हाच जवळचा रस्ता राहिला आहे. त्या नावेची किंमत काय असू शकते, हे २१ मे २०२४ च्या संध्याकाळी दिसले. करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली नाव वादळी वाऱ्यात उलटली. नावेत सात जण होते. एक जण पोहत काठाला लागला, दोन लहान मुलांसह सहा जणांचा मृत्यू झाला.

नाव उलटते कशी आणि ती उलटू नये म्हणून काय करता येते, या प्रश्नाचे एक फार जुने उत्तर मराठी भाषेत रोज वापरले जाते. ते म्हणजे ‘सांगड’. याच उत्तराचे सर्वांत देखणे रूप हजारो किलोमीटर दूर, प्रशांत महासागरातल्या फिजी बेटांवर घडले. त्याचे नाव ‘द्रुआ’.

शिरूर-दौंडमध्ये नावेचा विषय आजही का?

हे दोन्ही तालुके नद्यांनी आखलेले आहेत. शिरूर शहराचे जुने नावच घोडनदी. घोड नदी शिरूर तालुक्याची एक सीमा सांभाळते. टाकळी हाजीजवळ कुकडीचे रांजणखळगे आहेत, त्यापलीकडे पारनेर तालुक्यातले निघोज. दक्षिणेकडे भीमा वाहते. रांजणगाव सांडस आणि वाळकीच्या परिसरात मुळा-मुठा भीमेला मिळते. तेथून पुढे भीमा दौंड तालुक्याच्या उत्तरेची कड धरून जाते, पुढे घोडही तिला मिळते आणि पाणी उजनीच्या जलाशयात शिरते.

उजनीचे धरण सोलापूर जिल्ह्यात असले तरी त्याचा फुगवटा दौंड तालुक्यापर्यंत येतो. धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. नदी रुंद झाली, जुने उतार पाण्याखाली गेले आणि समोरासमोरची गावे एकमेकांपासून दूर गेली. पावसाळ्यात ‘दौंड येथील विसर्ग’ हा आकडा रोज वर्तमानपत्रात छापला जातो, कारण उजनीत किती पाणी येणार हे त्यावरून कळते. विसर्ग वाढला की कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांवरून होणारी ये-जा बंद होते. उन्हाळ्यात उलटे घडते. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनीचा साठा उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेला होता. पाणी आत सरकले की काठ चिखलाचा होतो आणि नाव लावण्याची जागा दर आठवड्याला बदलते.

शिरूर-न्हावरे-चौफुला रस्त्यावर पारगावजवळ भीमेवर पूल आहे, सिद्धटेकला पूल आहे. पुलाच्या जवळ राहणाऱ्यांसाठी प्रश्न सुटला. दोन पुलांच्या मधल्या गावांना मात्र पलीकडचे शेत, शाळा, बाजार किंवा लग्नघर गाठायचे तर लांबचा वळसा किंवा नाव, एवढेच पर्याय उरतात. मासेमारी आणि भिगवणचे रोहित पक्षी पाहायला येणाऱ्यांची सफरही नावेवरच चालते. याच नदीवर वाळू उपशाच्या बोटीही असतात आणि महसूल पथकाने त्या जिलेटिनने उडवल्याच्या बातम्या वारंवार येतात. बेकायदा बोटींवर कारवाई होते, ते योग्यच आहे. पण माणसे नेणाऱ्या नावेची बांधणी कशी असावी, याची चर्चा बहुधा अपघातानंतरच होते.

‘सांगड’ म्हणजे नेमके काय?

‘शेती आणि उद्योग यांची सांगड घालणे’ असे भाषणात सहज म्हटले जाते. मूळ शब्द पाण्यातला आहे. दोन नावा, दोन डोणी किंवा दोन ओंडके शेजारी ठेवून आडव्या लाकडांनी जखडले की सांगड तयार होते. मधल्या जागेवर फळ्या किंवा बांबूची ताटी टाकली की त्यावर माणसे, पोती, जनावरे, पुढच्या काळात गाडीसुद्धा नेता येते. वाळलेले मोठे भोपळे बांबूच्या चौकटीला बांधून केलेल्या तरंगत्या साधनालाही सांगडच म्हणत. पोहायला शिकणाऱ्या मुलाच्या पाठीला बांधलेला भोपळा जुन्या पिढीने पाहिलेला असतो. सांगड हे त्याचेच मोठे रूप.

सांगडीचे तत्त्व सोपे आहे. एकटी डोणी डळमळते. तिच्यासारखीच दुसरी थोड्या अंतरावर घट्ट बांधली की दोघीही स्थिर होतात. ‘सांगड घालणे’ या वाक्प्रचारात फक्त जोडणे नाही, जोडल्याने दोघांनाही बळ येणे हा अर्थ आहे. तो नदीने दिलेला आहे.

हा शब्द किती जुना?

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने तांबडा समुद्र आणि हिंदी महासागरातल्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या नावाने ती ओळखली जाते. कल्याण आणि भडोचसह पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांचे उल्लेख असल्याने महाराष्ट्राच्या इतिहासातही तिचे नाव वारंवार येते. दक्षिण भारताच्या बंदरांबद्दल सांगताना हा लेखक एका मोठ्या नावेचा उल्लेख करतो. एकेका ओंडक्यापासून केलेल्या नावा एकत्र बांधून ती तयार होते आणि तिचे नाव ‘सांगारा’.

अभ्यासक या शब्दाचा संबंध मल्याळममधल्या ‘चंगाडम’शी आणि संस्कृतातल्या ‘संघाट’ म्हणजे जोडणी या अर्थाच्या शब्दाशी लावतात. मराठी ‘सांगड’ त्याच घराण्यातली. केरळात दोन नावांवर फळ्या टाकून वाहने नेणाऱ्या साधनाला आजही ‘जंगार’ म्हणतात. पोर्तुगीजांनी हा शब्द मलबारातून उचलला आणि ब्राझीलच्या किनाऱ्यावरचे मच्छीमार आजही आपल्या शिडाच्या तराफ्याला ‘जंगाडा’ म्हणतात. कोकणात खाडीतून मोटारी नेणाऱ्या फेरीबोटीला लोक ‘जंगलजेटी’ म्हणतात. तिथे जंगल कुठेच नसते. शब्द कानाला जंगारच्या जवळचा लागतो.

दोन पोटे असली की नाव का उलटत नाही?

एसटीत उभ्याने प्रवास करणारा माणूस वळण आले की पाय फाकवतो. पाय जवळ ठेवले तर छोट्या धक्क्यानेही तोल जातो. नावेचेही तसेच आहे. नाव एका बाजूला कलली की त्या बाजूचे पोट पाण्यात अधिक बुडते आणि पाणी त्याला वर ढकलते. हा वर ढकलणारा जोर नावेच्या मध्यरेषेपासून जितका लांब, तितकी नाव लवकर सावरते.

एक साधा हिशेब पाहू. समजा, १.२ मीटर रुंदीची एक नाव आहे. दुसरीकडे तितक्याच लांबीच्या, पण प्रत्येकी ०.६ मीटर रुंदीच्या दोन नावा आहेत आणि त्यांच्या मध्यरेषांत २.४ मीटरचे अंतर ठेवून त्या जखडल्या आहेत. पाण्याला टेकलेली एकूण रुंदी दोन्हीकडे सारखीच, १.२ मीटर. तरीही किंचित कलल्यावर पुन्हा सरळ होण्याची जोडनावेची क्षमता, पाण्याच्या पृष्ठभागावरच्या आकाराच्या गणिताने, एकट्या नावेच्या सुमारे १२ पट येते. लाकूड फार वाढवले नाही, फक्त ते मध्यापासून दूर नेले. अंतर हेच इथले बळ आहे.

आता प्रत्यक्ष प्रसंग. नावेत सहा-सात माणसे आहेत. वारा सुटतो, एका बाजूने लाट आत येते. घाबरून सगळे दुसऱ्या बाजूला सरकतात. प्रत्येकी ६० किलो धरले तरी सहा जणांचे ३६० किलो वजन एका क्षणात एका कडेला येते. अरुंद नावेची कड पाण्याला टेकते, पाणी आत शिरते आणि आत शिरलेले पाणीही त्याच बाजूला धावते. पुढचे काही सेकंदांत होते. जोडनावेत हाच भार एका बाजूला आला तर एक पोट थोडे खोल जाते आणि दुसरे थोडे वर येते. सावरायला वेळ मिळतो.

फिजीचा ‘द्रुआ’ कसा असतो?

फिजी म्हटले की मराठी वाचकाला गिरमिटिया मजूर आठवतात. १८७९ ते १९१६ या काळात सुमारे ६१ हजार भारतीय मजूर करारावर तिथल्या उसाच्या मळ्यांत नेले गेले. ‘लिओनिडास’ हे त्यांचे पहिले जहाज १४ मे १८७९ रोजी पोहोचले. पण त्यांच्या कितीतरी आधीपासून तिथले मूळ रहिवासी समुद्रावर जे वाहन चालवत होते, ते जगातल्या उत्तम शिडाच्या नावांपैकी एक होते.

‘द्रुआ’ या फिजी भाषेतल्या शब्दाचा अर्थ जुळे. नाव दोन पोटांची, पण जुळी सारखी नसतात. एक मोठे आणि एक लहान. लहान पोटाला ‘थामा’ म्हणतात. दोघांना आडव्या तुळयांनी जोडून वर मोठा मचाण बांधलेला असतो. त्यावर माणसे, सामान, कधी छोटी झोपडी आणि चूलही असे. मोठ्या द्रुआची लांबी ३० मीटरच्या पुढे जाई आणि त्यावर २०० च्या आसपास माणसे बसत. अनुकूल वाऱ्यात १५ नॉटपर्यंत, म्हणजे ताशी सुमारे २८ किलोमीटर वेग मिळत असल्याच्या नोंदी आहेत.

लाकूड ‘वेसी’ नावाच्या झाडाचे. ते कठीण, जड आणि खाऱ्या पाण्यात टिकणारे. लाऊ द्वीपसमूहातल्या कंबारा बेटावर ही झाडे होती आणि तिथले सुतार प्रसिद्ध होते. शेजारच्या टोंगामधून लोक द्रुआ बांधून घ्यायला लाऊमध्ये येत आणि काम पूर्ण होईपर्यंत वर्षानुवर्षे राहत. बांधणीत लोखंडी खिळा नाही. फळ्या नारळाच्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या आणि बांधलेल्या. शीड केवड्याच्या जातीतल्या झाडाच्या पानांच्या चटयांचे.

काथ्याने शिवलेली नाव आपल्याकडेही परकी नाही. अजिंठ्याच्या लेण्यातल्या पाचव्या शतकातील जहाजाच्या चित्रावरून गोव्यात एक शिवलेले जहाज बांधण्यात आले आणि २१ मे २०२५ रोजी कारवार येथे ते ‘कौंडिण्य’ या नावाने भारतीय नौदलात दाखल झाले. त्याच्याही फळ्या काथ्याने शिवलेल्या आहेत. शिवलेली नाव लाटेवर थोडी लवचीक राहते, खिळे ठोकलेल्या नावेसारखी ताठ राहून तडकत नाही.

द्रुआ वळत नाही, मग दिशा कशी बदलतो?

नेहमीच्या शिडाच्या होडीला पुढची नाळ आणि मागची पिछाडी ठरलेली असते. द्रुआला तसे नाही. त्याची दोन्ही टोके सारखी. लहान पोट नेहमी वाऱ्याच्या बाजूला ठेवायचे, हा नियम. वारा शिडावर जोर देऊन नावेला पलीकडे झुकवू पाहतो, तेव्हा वाऱ्याकडच्या लहान पोटाचे वजन तिला खाली धरून ठेवते. म्हणजे एक पोट भार वाहते आणि दुसरे तोल सांभाळते.

दिशा बदलायची वेळ आली की खलाशी नाव फिरवत नाहीत. ते शिडाचे खालचे टोक उचलतात, नावेच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेतात आणि डोलकाठी त्या बाजूला कलवतात. सुकाणूचे मोठे वल्हेही दुसऱ्या टोकाला जाते. आधी जी पिछाडी होती ती आता नाळ होते. मोठ्या शिडासाठी हे काम ताकदीचे आणि धोक्याचे, सगळ्यांनी एका तालात करायचे. त्यामुळे द्रुआ चालवणे म्हणजे माणसांचीही सांगड घालणे होते.

कोकणात याचे भावंड आहे का?

आहे. त्याला ‘उलांडी’ म्हणतात. रत्नागिरी-सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या किनाऱ्यावर अरुंद होडीच्या एका बाजूला दोन आडव्या दांड्या बाहेर काढून त्यांच्या टोकाला हलक्या लाकडाचा ओंडका बांधलेला असतो. हा ओंडका पाण्यावर होडीच्या समांतर तरंगतो. होडी त्या बाजूला कलली तर तो पाण्यात दाबला जाऊन तिला वर ढकलतो आणि विरुद्ध बाजूला कलली तर स्वतःच्या वजनाने तिला खाली ओढतो. द्रुआतल्या लहान पोटाचे काम आणि उलांडीचे काम एकाच जातीचे.

जेम्स हॉर्नेल या नौका-अभ्यासकाने १९२० मध्ये भारतीय नावांच्या रचनांवर विस्ताराने लिहिले. भारताच्या आणि श्रीलंकेच्या किनाऱ्यावरच्या अशा नावांचे आग्नेय आशिया आणि प्रशांत महासागरातल्या नावांशी नाते आहे, असे त्याचे म्हणणे होते. उलांडीची होडी बघताना ही ओळख पटते. फरक इतकाच की कोकणच्या मच्छीमाराला पहाटे जाऊन दुपारपर्यंत परतायचे असते, फिजीच्या खलाशाला बेटामागून बेट गाठायचे असते. गरज वाढली की उलांडी मोठी होत जाते आणि शेवटी तीच दुसरी नाव बनते.

मग ‘कॅटमरान’ हा शब्द कुठून आला?

तोही भारतातलाच. तमिळमध्ये ‘कट्टुमरम’ म्हणजे बांधलेली लाकडे. कोरोमंडल किनाऱ्यावरचे मच्छीमार तीन-चार ओंडके एकत्र बांधून समुद्रात जातात, ते कट्टुमरम. ते दोन पोटांचे नाही, ओंडक्यांचा तराफा आहे. इंग्रजांनी शब्द उचलला आणि पुढे तो दोन पोटांच्या प्रत्येक नावेला चिकटला. १८७६ मध्ये अमेरिकेतील नॅथॅनिएल हेरेशॉफ या नौका-रचनाकाराची ‘अमॅरिलिस’ ही दोन पोटांची शिडाची नाव न्यूयॉर्कच्या शर्यतीत इतकी पुढे गेली की तिच्यासारख्या नावांना नेहमीच्या शर्यतींतून बाहेर ठेवले गेले. आज जगभरच्या वेगवान प्रवासी फेऱ्या याच तत्त्वावर धावतात. दोन पोटांची कल्पना प्रशांत महासागराची, नाव मात्र तमिळ.

द्रुआ नाहीसे का झाले आणि परत कसे आले?

१८७४ मध्ये फिजी ब्रिटिशांच्या ताब्यात गेले. युरोपीय बांधणीच्या शिडाच्या बोटी आणि मग इंजिनाच्या बोटी आल्या. त्या चालवायला माणसे कमी लागत. वेसीची मोठी झाडे घटली, सुतारांना काम मिळेनासे झाले. वर्षे घालवून द्रुआ बांधून घेणाऱ्या सरदारांची सत्ताही ओसरली. १९१३ मध्ये बांधलेला ‘रातू फिनाऊ’ हा सुमारे १३ मीटर लांबीचा द्रुआ आज राजधानी सुव्हा येथील फिजी संग्रहालयात ठेवला आहे. दीर्घ काळ द्रुआ म्हणजे संग्रहालयातली ती एक नाव, एवढीच ओळख उरली होती.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वारे फिरले. १९७६ मध्ये हवाईहून ‘होकुलेआ’ ही दोन पोटांची नाव कोणत्याही यंत्राशिवाय, केवळ तारे, लाटा आणि पक्षी यांच्या आधारे ताहितीला पोहोचली. मायक्रोनेशियातले माऊ पियाइलुग तिचे मार्गदर्शक होते. त्या प्रवासाने सगळ्या प्रशांत बेटांवर जुन्या नावांबद्दलचा अभिमान जागा झाला. फिजीत ‘उतो नी यालो’ ही दोन पोटांची नाव २०१० पासून समुद्रसफरी करते. २०१६ च्या सुमारास ‘इ वोला सिंगा वोऊ’ हा नवा द्रुआ बांधला गेला. फिजीच्या व्यावसायिक रग्बी संघाचे नावही ‘फिजियन द्रुआ’ आहे.

यात केवळ अभिमान नाही. विखुरलेल्या बेटांना डिझेल बाहेरून आणावे लागते आणि ते महाग पडते. समुद्राची पातळी वाढण्याचा पहिला फटकाही याच बेटांना बसतो. वाऱ्यावर चालणारी नाव त्यांच्यासाठी व्यवहाराची गोष्ट आहे.

भीमेवर आणि उजनीवर सांगड चालेल का?

तत्त्व चालते, पण आंधळेपणाने नाही. जोडनावेचे फायदे ठळक आहेत. ती सहजी कलत नाही. दोन पोटांवर भार विभागला गेल्याने प्रत्येक पोट कमी खोल बुडते, त्यामुळे उन्हाळ्यातल्या उथळ पाण्यात ती पुढपर्यंत येते. मधल्या सपाट फळीवर दुचाकी, दुधाचे कॅन, शेळी किंवा आजारी माणूस आडवा ठेवता येतो. एका पोटाला छिद्र पडले तरी दुसरे काही काळ तारू शकते.

मर्यादाही तितक्याच खऱ्या आहेत. एक, दोन पोटांवर लाटेचा जोर वेगवेगळा येतो आणि सगळा ताण मधल्या जोडावर पडतो. दोन जुन्या फायबर बोटी घेऊन त्यांना दोरीने बांधणे म्हणजे सांगड नव्हे. जोड ढिला असेल तर तीच नाव मध्ये फाकते. दोन, जोडनाव उलटायला कठीण, पण एकदा पूर्ण पालथी झाली तर तिला पुन्हा सरळ करणे त्याहून कठीण. तीन, ती रुंद असल्याने अरुंद घाटावर लावता येत नाही. चार, आणि सर्वांत महत्त्वाचे, स्थिर वाटणाऱ्या नावेत जास्त माणसे भरण्याचा मोह होतो. ज्या गुणासाठी ती बांधली तोच गुण मग जिवावर उठतो.

उजनीचा फुगवटा आता नदीसारखा राहिलेला नाही, तो विस्तीर्ण मोकळे पाणी आहे. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर अचानक वारा सुटतो आणि मोकळ्या पाण्यावर थोड्या वेळात लाटा उठतात. नदी ओलांडायला पुरेशी असलेली नाव अशा पाण्याला पुरत नाही. ३० एप्रिल २०१७ रोजी उजनीत फिरायला गेलेल्या अकलूजच्या डॉक्टरांची नाव उलटून चौघांचा मृत्यू झाला होता. सात वर्षांनी कुगावची दुर्घटना घडली. दोन्ही वेळा हळहळ झाली. कुगावनंतर शिरसोडी ते कुगाव पुलाची मागणी मार्गी लागली. पण जलाशयाच्या प्रत्येक गावासमोर पूल होणार नाही, हेही उघड आहे.

प्रश्न एकट्या उजनीचाही नाही. जायकवाडीच्या फुगवट्यामुळे वेढलेल्या भिव धानोरा गावची मुले थर्माकोलच्या तुकड्यांवर बसून शाळेला जात होती. २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. थर्माकोलचा तुकडा आणि भोपळ्याची सांगड यांत तरंगण्याचे तत्त्व एकच, पण सांगड बांधणाऱ्याला जोडायचे कसे हे ठाऊक होते.

कायदा काय सांगतो?

नावेने माणसे नेण्यावर नियम नवे नाहीत. मुंबई प्रांतात १८६८ मध्येच फेरी आणि अंतर्देशीय नौकांसाठी कायदा झाला होता. तर म्हणजे नदी ओलांडण्याचे ठिकाण. त्याचा ठेका, दर आणि जबाबदारी यांची व्यवस्था त्यात होती. केंद्राचा १९१७ चा कायदा बाजूला सारून २०२१ मध्ये नवा अंतर्देशीय जलयान कायदा आला. यंत्रावर चालणाऱ्या जलयानांची तपासणी, नोंदणी, चालकाची पात्रता, जीवरक्षक साधने आणि विमा या गोष्टी त्यात आहेत. यंत्राविना चालणाऱ्या नावांसाठीही त्यात वेगळे प्रकरण आहे आणि त्यांची नोंद स्थानिक पातळीवर व्हावी अशी अपेक्षा आहे.

जलाशय जलसंपदा विभागाचा, मासेमारी मत्स्यव्यवसाय विभागाच्या अखत्यारीत, काठावरचे गाव ग्रामपंचायतीचे आणि दुर्घटना झाली की धाव महसूल आणि पोलिसांची. इतक्या हातांत विषय विभागला की नावेच्या पोटाकडे बघणारा एकही हात उरत नाही. इथेही सांगड घालण्याचीच गरज आहे. कोणत्या घाटावर किती नावा, प्रत्येकीत किती माणसे आणि कोणत्या वाऱ्यात नाव सोडायची नाही, एवढे तरी काठावर फलकावर लिहिलेले असावे.

प्रवाशाने काय पाहावे?

तज्ज्ञ नसलेल्या माणसालाही काही गोष्टी डोळ्यांनी तपासता येतात.

• माणसे बसल्यावर नावेची कड पाण्यापासून किती वर आहे? वीतभरही अंतर नसेल तर उतरावे.

• प्रत्येकासाठी जीवरक्षक जाकीट आहे का आणि ते अंगात घातले आहे का? बाकाखाली ठेवलेल्या जाकिटाचा नाव उलटताना उपयोग होत नाही. मुलांच्या मापाचे जाकीट वेगळे असते.

• नावेच्या तळात आधीच पाणी साठले आहे का? ते कलताना त्याच बाजूला धावते.

• जोडनाव असेल तर आडव्या तुळया आणि बांध घट्ट आहेत का? दोन पोटे वेगवेगळी हलत असतील तर जोड ढिला आहे.

• बसल्यावर उभे राहू नये, एका बाजूला सरकू नये, फोटोसाठी तर मुळीच नाही.

• ढग दाटले आणि वारा सुटला असेल तर नावाडी ‘जाऊ’ म्हणाला तरी थांबावे. तो ‘नको’ म्हणत असेल तर आग्रह करू नये.

थोडक्यात

फिजीच्या सुताराने दोन पोटे जोडली, कोकणच्या मच्छीमाराने एका होडीला ओंडका जोडला, भीमेकाठच्या भोयाने दोन डोणी जोडल्या. तिघांनीही एकच गोष्ट ओळखली होती की पाण्यावर एकट्याने ताठ राहण्यापेक्षा थोड्या अंतरावरचा सोबती घट्ट धरून ठेवणे अधिक भरवशाचे. फिजीने ही विद्या जवळजवळ गमावली आणि मग कष्टाने परत मिळवली. आपल्याकडे तिचा शब्द तरी रोजच्या बोलण्यात जिवंत आहे. शिरापूरच्या घाटावरून आता पुलाची सावली पाण्यात पडते, पण खाली फुगवट्यावर रोज सकाळी कुणीतरी नाव सोडतेच. त्या नावेत बसणाऱ्यांसाठी ‘सांगड’ हा शब्द भाषणातून उतरून पुन्हा पाण्यात यायला हवा.